सागराचा वास्तववादी चित्रकार व शिल्पकार : गुस्ताव्ह कूर्बे

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कलेच्या इतिहासात गुस्ताव्ह कूर्बे (१८१९-१८७७) या फ्रेंच कलावंताला महत्त्वाचे स्थान आहे. 'वास्तववाद' हा शब्द साहित्य, रंगभूमी, चित्रपट अशा सर्वच कलांच्या संदर्भात आज आपण सहजपणे वापरतो. चित्रकलेच्या क्षेत्रात या शब्दाला निश्चित अर्थ व प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने कूर्बेकडे जाते. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारे मजूर आणि खेड्यातील अंत्ययात्रा या विषयांवरील त्याची चित्रे जगभर प्रसिद्ध आहेत. त्या मानाने त्याची सागरचित्रे व मोजकी शिल्पे आपल्याकडे कमी परिचयाची आहेत. तथापि आपल्या डोळ्यांनी पाहिले तेच रंगवायचे, हे जे व्रत त्याने आयुष्यभर पाळले, त्याची खरी कसोटी समुद्रासमोरच लागली. या व्रताची किंमतही त्याला मोजावी लागली. त्याच्या जीवनाचा व कार्याचा परिचय करून देण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

डोंगराळ मुलखातील बालपण

समुद्राचा हा चित्रकार समुद्रापासून फार दूर जन्मला. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, स्वित्झर्लंडला लागून असलेल्या डोंगराळ प्रदेशात, लू नदीच्या काठी ऑर्नां नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १० जून १८१९ रोजी कूर्बेचा जन्म झाला. वडील सुखवस्तू शेतकरी होते. जवळच्या फ्लाजे या गावी त्यांची शेतीवाडी होती. चुनखडीचे उभे कडे, त्यांतून उसळणारे झरे, मासे पकडणारी मुले आणि द्राक्षमळ्यांत राबणारी माणसे हे त्याच्या बालपणीचे जग होते. दगड आणि पाणी या दोन गोष्टी त्याने इतक्या जवळून पाहिल्या होत्या की, पुढे त्याच्या हातून उतरलेल्या प्रत्येक निसर्गचित्रात त्यांचा ठसा उमटला.

बेझांसाँ येथे शिक्षण घेतल्यानंतर १८३९ च्या अखेरीस तो पॅरिसला गेला. मुलाने कायद्याचा अभ्यास करावा अशी वडिलांची इच्छा होती. मुलाने मात्र चित्रकलेची वाट धरली. शासकीय कलाविद्यालयाच्या चाकोरीतून तो गेला नाही. लूव्र संग्रहालयातील डच व स्पॅनिश चित्रकारांच्या कृतींसमोर बसून त्याने स्वतःचे शिक्षण स्वतःच केले. त्या काळी पॅरिसमध्ये 'सालों' नावाचे शासनमान्य प्रदर्शन भरत असे. त्यात निवड झाल्याखेरीज चित्रकाराला नाव व गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. कूर्बेची चित्रे प्रथम अनेकदा नाकारली गेली. १८४४ मध्ये त्याचे एक आत्मचित्र स्वीकारले गेले, आणि १८४९ मध्ये 'ऑर्नां येथील भोजनोत्तर' या चित्राला सुवर्णपदक मिळाले. या पदकामुळे पुढील काही वर्षे परीक्षकांच्या निवडीवाचून चित्रे मांडण्याचा हक्क त्याला प्राप्त झाला. या हक्काचा त्याने जो उपयोग केला, त्याने पॅरिसचे कलाजगत हादरून गेले.

वास्तववाद म्हणजे काय?

'वास्तववादी' या शब्दाने आपल्याकडे बहुधा हुबेहूबपणा सूचित होतो. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेतून यथार्थ रेखाटनाचे जे शिक्षण दिले गेले, त्यामुळे हा अर्थ आपल्या मनात रुजला. कूर्बेच्या काळात पॅरिसमधील विद्यालयीन चित्रकारही हुबेहूब चित्रण करण्यात तरबेज होते. परंतु त्यांचे विषय पुराणकथांतील देवदेवता, राजे-सेनापती आणि प्राचीन इतिहासातील प्रसंग हे असत. त्यांनी यांपैकी काहीही प्रत्यक्ष पाहिलेले नसे. कूर्बेचा मतभेद येथेच होता. चित्रकला ही मूर्त वस्तूंची कला आहे, म्हणून जे अस्तित्वात आहे आणि चित्रकाराने पाहिले आहे तेच तिचा विषय होऊ शकते. आपल्या काळातील माणसे, चालीरीती व देखावे चित्रित करणे हेच आपल्या काळच्या कलेचे काम आहे, अशी त्याची भूमिका होती. देवदूत रंगवायचा असेल तर आधी तो मला दाखवा, असे तो म्हणत असल्याचे सांगितले जाते.

या भूमिकेचा पहिला मोठा आविष्कार म्हणजे 'खडी फोडणारे' (१८४९) हे चित्र होय. ऑर्नांजवळच्या रस्त्यावर एक वृद्ध व एक तरुण मजूर खडी फोडताना त्याने पाहिले. दोघांनाही त्याने जवळजवळ पूर्णाकृती स्वरूपात रंगविले. त्यांचे चेहरे नीट दिसत नाहीत. दिसतात ते फाटके कपडे, झिजलेली पादत्राणे आणि हातोडा पेलणारे हात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या रस्त्यांवर खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दुर्दैवाने मूळ चित्र दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये, जर्मनीतील ड्रेस्डेनच्या परिसरात नष्ट झाले. आज त्याच्या केवळ छायाचित्रांवरून आपल्याला कल्पना करता येते.

त्याच सुमारास त्याने 'ऑर्नां येथील दफनविधी' हे भव्य चित्र पूर्ण केले. हे चित्र सुमारे १० फूट उंच व २२ फूट लांब आहे. गावाचा मेयर, धर्मगुरू, न्यायाधीश, नोटरी, थडगे खणणारा, शोकाकुल स्त्रिया, क्रांतीच्या काळातील दोन वृद्ध, स्वतः चित्रकाराचे वडील व बहिणी अशी गावातील चाळीसहून अधिक माणसे त्यात आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी चित्रकारासमोर येऊन आपली प्रतिमा रेखाटू दिली होती. एवढ्या मोठ्या आकाराचा मान त्या काळी केवळ राजांच्या राज्याभिषेकाला व युद्धप्रसंगांना मिळत असे. एका सामान्य गावकऱ्याच्या अंत्यविधीला तो मान मिळालेला पाहून टीकाकार संतापले. माणसे कुरूप आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. माणसे जशी होती तशीच होती. आक्षेप खरा होता तो त्यांना दिलेल्या जागेवर.

१८५५ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, त्या वेळी हे चित्र आणि 'चित्रकाराची कार्यशाळा' हे दुसरे प्रचंड चित्र परीक्षकांनी नाकारले. तेव्हा कूर्बेने प्रदर्शनाच्या जवळच स्वतःचा मंडप उभारला, सुमारे चाळीस कृती मांडल्या आणि प्रवेशद्वारावर 'वास्तववाद' हा शब्द लिहिला. शासकीय आश्रयाशिवाय, प्रवेशशुल्क आकारून एका चित्रकाराने स्वतःचे प्रदर्शन भरविण्याची ही घटना पुढील पिढीला मार्गदर्शक ठरली.

समुद्राशी परिचय

कूर्बेने समुद्र प्रथम पाहिला तो १८४१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सेन नदीच्या मुखाशी असलेल्या ल हाव्र या बंदरात. दऱ्याखोऱ्यांत वाढलेल्या माणसाला क्षितिजापर्यंत पसरलेली ती मोकळी जागा विलक्षण वाटली. त्यानंतर १८५४ मध्ये त्याचा आश्रयदाता आल्फ्रेद ब्रुयास याच्या निमंत्रणावरून तो दक्षिणेकडील माँपेलिए येथे गेला आणि तेथून जवळच असलेल्या पालाव्हासच्या किनाऱ्यावर त्याने भूमध्य समुद्र रंगविला. 'पालाव्हासचा समुद्रकिनारा' हे चित्र आकाराने लहान आहे. किनाऱ्यावर एक छोटीशी मानवी आकृती उभी आहे आणि ती टोपी उंचावून समुद्राला अभिवादन करीत आहे. बाकी सर्व पाणी आणि आकाश.

पाश्चात्त्य चित्रकलेत सागरचित्रांची परंपरा कूर्बेच्या आधी दोनशेहून अधिक वर्षे चालत आलेली होती. हॉलंडच्या चित्रकारांनी आपल्या आरमाराची व व्यापारी गलबतांची चित्रे रंगविली. पुढील काळात वादळे व जहाजफुटी हे विषय लोकप्रिय झाले. या सर्व चित्रांत समुद्र ही एक रंगभूमी असे आणि खरे नाट्य जहाजावरील माणसांचे असे. कूर्बेने हे नाट्य हळूहळू दूर सारले. त्याच्या चित्रांतून जहाजे लहान होत गेली, कधी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एखादी होडी उरली, आणि अखेर तीही दिसेनाशी झाली. या चित्रांना तो 'समुद्राची भूदृश्ये' असे म्हणत असे. शेतकऱ्याचा मुलगा ज्या नजरेने जमिनीकडे पाहतो, त्याच नजरेने तो पाण्याकडे पाहत होता, हे या शब्दयोजनेवरून लक्षात येते.

या बदलाला एक सामाजिक कारणही होते. १८४० नंतरच्या दोन दशकांत पॅरिसपासून नॉर्मंडीच्या किनाऱ्यापर्यंत लोहमार्ग पोहोचले. १८६३ मध्ये त्रूव्हील येथे रेल्वे आली आणि कोळ्यांची ही वस्ती शहरी लोकांच्या हवापालटाचे ठिकाण बनली. चित्रकारही तेथे येऊ लागले. कूर्बेने १८६५ चा उन्हाळा व शरद ऋतू त्रूव्हील येथे घालविला. अमेरिकन चित्रकार व्हिस्लर या वेळी त्याच्या सोबतीला होता. सकाळी समुद्रस्नान, दिवसा श्रीमंत पर्यटकांची व्यक्तिचित्रे आणि संध्याकाळी ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या वाळूची व आकाशाची चित्रे, असा त्याचा क्रम होता. या चित्रांत क्षितिजरेषा खाली असते, वर विस्तीर्ण आकाश असते, आणि वाळू, पाणी व ढग यांचे आडवे पट्टे एकमेकांत मिसळतात. पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेणारी अन्य कोणतीही घटना चित्रात नसते.

एत्रताच्या लाटा

कूर्बेच्या सागरचित्रणाचा कळस झाला तो १८६९ मध्ये. त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस तो नॉर्मंडीतील एत्रता या गावी राहिला. एत्रताचा किनारा खडूच्या पांढऱ्या कड्यांनी वेढलेला असून लाटांच्या माऱ्याने त्या कड्यांना नैसर्गिक कमानी पडल्या आहेत. चुनखडीच्या मुलखात वाढलेल्या कूर्बेला हे खडक आपल्या गावच्याच खडकांचे नातलग वाटले असल्यास नवल नाही. ज्या घरात तो राहत होता ते अगदी किनाऱ्यालगत होते. पुढे कथालेखक म्हणून प्रसिद्धीस आलेला मोपासाँ त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. कूर्बेला काम करताना त्याने तेथे पाहिले आणि १८८६ मध्ये त्याचे वर्णन लिहिले. रिकाम्या मोठ्या खोलीत हा धिप्पाड माणूस सुरीने पांढऱ्या रंगाचे थर कोऱ्या कॅनव्हासवर थापत होता. मधूनच तो खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बाहेरच्या वादळाकडे पाहत होता. लाटा इतक्या जवळ येत होत्या की, त्यांचे तुषार काचांवर आदळत होते.

या वर्णनात कूर्बेच्या तंत्राचे मर्म आले आहे. कुंचल्याप्रमाणेच तो 'पॅलेट नाइफ'चा, म्हणजे रंग कालवण्याच्या लवचिक पात्याच्या सुरीचा, चित्र रंगविण्यासाठी उपयोग करीत असे. प्रथम तो संपूर्ण कॅनव्हासवर गडद तपकिरी वा काळपट रंगाचा थर देई. सूर्यप्रकाशाविना निसर्ग अंधारा असतो आणि प्रकाश पडतो तसतशा वस्तू उजळत जातात. आपणही प्रकाशाचेच अनुकरण करावे, असे त्याचे म्हणणे होते. त्यामुळे गडद थरावर हिरवट, करडे व शेवटी पांढरे रंग सुरीने चढत जात. सुरीने ओढलेला रंग काही ठिकाणी जाड बसतो, काही ठिकाणी खालचा थर उघडा राहतो. फेसाचा खडबडीतपणा आणि लाटेच्या पोटातील काळोख हे दोन्ही परिणाम या रीतीने साधत. कुंचल्याच्या बारीक फटकाऱ्यांनी ते साधणे अवघड होते.

लाट किनाऱ्याजवळ का फुटते, हे शास्त्रीयदृष्ट्या सांगता येते. खोल समुद्रातील लाट उथळ पाण्यात शिरली की, तिचा तळाकडचा भाग मंदावतो. मागून येणाऱ्या पाण्यामुळे ती उंचावते, तिचा माथा पायापेक्षा वेगाने पुढे जातो, आणि तोल सुटून ती कोसळते. उंचावणे व कोसळणे यांमधील तो क्षण इतका अल्प असतो की, तो डोळ्यांत धरून ठेवणे कठीण असते. कूर्बेने हाच क्षण पुनःपुन्हा रंगविला. 'लाट' या विषयावरील त्याच्या अनेक कृती आज पॅरिस, बर्लिन, फ्रँकफुर्ट, लियाँ, एडिंबरो व टोकियो येथील संग्रहालयांत आहेत. त्यांपैकी बहुतेक चित्रांत माणूस नाही, जहाज नाही; दाटून आलेले आकाश आणि समोरून चालून येणारे पाणी एवढेच आहे. पावसाळ्यात उधाणाच्या वेळी कोकणच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला या चित्रांतील पाण्याचे वजन चटकन जाणवेल.

१८७० च्या सालोंमध्ये कूर्बेने 'वादळी समुद्र' आणि 'वादळानंतरचे एत्रताचे कडे' ही दोन चित्रे मांडली. ज्या टीकाकारांनी त्याच्या गावकऱ्यांना नाके मुरडली होती, त्यांपैकी अनेकांनी या समुद्राचे कौतुक केले. त्याच वर्षी जून महिन्यात क्लोद मोने या तरुण चित्रकाराच्या विवाहाला कूर्बे साक्षीदार म्हणून उपस्थित होता. पुढे याच मोनेने एत्रताचे कडे वेगवेगळ्या प्रकाशात अनेकदा रंगविले. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे समुद्राचा वारसा अशा रीतीने गेला.

शिल्पकार कूर्बे

कूर्बेची शिल्पे संख्येने थोडी आहेत. तथापि त्याच्या चित्रांचा विचार त्यांच्यावाचून पूर्ण होत नाही. रंगाचा थर मातीसारखा हाताळणाऱ्या या चित्रकाराची लाट एखाद्या घडीव शिळेसारखी उभी राहते, याचे कारण त्याच्या हातांत शिल्पकाराची जाण होती.

१८६२ मध्ये त्याने 'मासे पकडणारा मुलगा' हे शिल्प घडविले. लू नदीत दगडांखाली लपून बसणारा एक लहान मासा असतो. गावची मुले पाण्यात उभी राहून हातातील काटेरी भाल्याने तो पकडतात. नेमका भाला मारण्याच्या पवित्र्यात उभा असलेला उघडा मुलगा या शिल्पात आहे. युरोपीय शिल्पकलेत नग्न बालकाचे रूप बहुधा मदनाला किंवा देवदूताला मिळे. कूर्बेने ते नदीवरच्या पोराला दिले. १८६३ च्या सालोंमध्ये हे शिल्प प्रदर्शित झाले. नंतर कूर्बेने ते आपल्या गावाला भेट दिले आणि गावातील कारंज्यावर त्याची स्थापना झाली. गावच्या चौकात गावच्याच मुलाचा पुतळा उभा राहिला, ही गोष्ट त्या काळाच्या दृष्टीने विशेष म्हटली पाहिजे.

दुसरे उल्लेखनीय शिल्प त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वातील असून त्याचा उल्लेख पुढे येईलच.

शिक्षक म्हणून कूर्बेने केलेला एक अल्पकालीन प्रयोगही येथे नमूद करण्यासारखा आहे. १८६१ च्या डिसेंबरमध्ये शासकीय कलाविद्यालयातील असंतुष्ट विद्यार्थ्यांनी त्याला शिकविण्याची विनंती केली. आपण कोणाचे गुरू होऊ इच्छित नाही, कला शिकविता येत नाही, प्रत्येकाने आपल्या दृष्टीने पाहावे, असे सांगून त्याने केवळ सहकारी म्हणून काम करण्याचे मान्य केले. पुतळ्यांच्या नकला काढण्याऐवजी त्याने कार्यशाळेत जिवंत बैल व घोडा आणून उभे केले. ही कार्यशाळा काही महिन्यांतच बंद पडली. परंतु विद्यार्थ्याला वस्तूसमोर नेऊन उभे करावे, हा तिचा धडा टिकून राहिला.

कलावंत आणि शासन

१८७० च्या जूनमध्ये फ्रेंच शासनाने कूर्बेला 'लीजन ऑफ ऑनर' हा सन्मान देऊ केला. त्याने तो नाकारला. कलेच्या क्षेत्रात गुणावगुण ठरविणे हे शासनाचे काम नव्हे, असे त्याने संबंधित मंत्र्याला जाहीर पत्राद्वारे कळविले. मात्र याचा अर्थ सार्वजनिक जबाबदारी त्याला नको होती असा नाही. पुढील महिन्यातच फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, सप्टेंबरमध्ये साम्राज्य कोसळून प्रजासत्ताकाची घोषणा झाली, आणि पॅरिसला वेढा पडण्याच्या बेतात असताना कलावंतांनी कूर्बेला कलासंग्रह-संरक्षण समितीचा अध्यक्ष निवडले. संग्रहालयांतील अनमोल कृती सुरक्षित राहाव्यात म्हणून त्याने काम केले.

याच काळात त्याच्या हातून असे एक निवेदन लिहिले गेले की, ज्याने त्याचे उर्वरित आयुष्य उद्ध्वस्त केले. पॅरिसमधील व्हाँदोम चौकात नेपोलियनच्या विजयांचे स्मारक म्हणून एक भव्य ब्राँझ स्तंभ होता. कलात्मक मूल्य नसलेला आणि युद्धाचा गौरव करणारा हा स्तंभ खिळे काढून उतरवावा, अशी सूचना त्याने १४ सप्टेंबर १८७० रोजी शासनाकडे केली. पुढे मार्च १८७१ मध्ये पॅरिसमध्ये 'कम्यून'ची क्रांतिकारी सत्ता स्थापन झाली. तिने १२ एप्रिल रोजी स्तंभ पाडण्याचा निर्णय घेतला. कूर्बे कम्यूनचा सदस्य म्हणून निवडून आला तो त्यानंतर, १६ एप्रिल रोजी. १६ मे रोजी स्तंभ पाडण्यात आला. मे महिन्याच्या अखेरीस कम्यूनचा रक्तरंजित पाडाव झाला आणि जूनमध्ये कूर्बेला अटक झाली. लष्करी न्यायालयाने त्याला सहा महिन्यांची कैद व ५०० फ्रँक दंड अशी शिक्षा दिली.

तुरुंगात चित्रे काढण्याची परवानगी मिळाली, तेव्हा त्याने समोर असलेली फळे रंगविली. सुटकेनंतर त्याने लू नदीतील ट्राउट मासा रंगविला. गळ तोंडात अडकलेला, कल्ल्यांतून रक्त वाहणारा हा मासा खडकांवर पडला आहे. कैदेतील आपल्या अवस्थेबद्दल कूर्बेने याहून अधिक स्पष्ट असे काही रंगविले नाही. आणि तरीही ते डोळ्यांनी पाहिलेल्या माशाचेच चित्र आहे.

शिक्षा भोगून प्रकरण संपले नाही. १८७३ मध्ये सत्तेवर आलेल्या नव्या शासनाने स्तंभ पुन्हा उभारण्याचे व त्याचा खर्च कूर्बेकडून वसूल करण्याचे ठरविले. त्याची मालमत्ता व चित्रे जप्त झाली. एका सामूहिक सत्तेने घेतलेल्या निर्णयाचा संपूर्ण आर्थिक भार एका व्यक्तीवर टाकण्यात आला. जुलै १८७३ मध्ये कूर्बेने सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घेतला. त्याच्या गावीही त्याला बरे दिवस राहिले नव्हते. कम्यूनच्या पाडावानंतर ऑर्नांच्या कारंज्यावरून 'मासे पकडणारा मुलगा' हटविण्यात आला होता.

अखेरचे पर्व

जिनिव्हा सरोवराच्या काठी ला तूर-द-पेल या लहानशा गावात कूर्बे स्थायिक झाला. समुद्र आता त्याच्यापासून दूर होता. सरोवराच्या पाण्यावरील सूर्यास्त आणि काठावरील शियाँचा किल्ला हे विषय त्याने अनेकदा रंगविले. कर्जफेडीच्या विवंचनेमुळे त्याने सहाय्यकांच्या मदतीने बरीच चित्रे तयार केली. त्यांत पूर्वीची ताकद सर्वत्र आढळत नाही. परंतु १८७५ मध्ये त्याने 'स्वातंत्र्य' या कल्पनेचा स्त्रीरूपातील अर्धपुतळा घडविला आणि आपल्याला थारा देणाऱ्या या गावाला तो भेट दिला. गावातील कारंज्यावर तो बसविण्यात आला. त्यावरील अक्षरे आदरातिथ्याला वंदन करणारी आहेत. आपल्या गावाने कारंज्यावरून शिल्प उतरविले, तरी परक्या गावाच्या कारंज्यासाठी शिल्प घडविण्याची इच्छा या माणसात शिल्लक होती.

१८७७ मध्ये स्तंभाच्या खर्चाची रक्कम ३,२३,०९१ फ्रँक ६८ सेंटिम अशी निश्चित करण्यात आली. दरवर्षी १०,००० फ्रँक याप्रमाणे ती फेडण्यास ३२ वर्षांहून अधिक काळ लागणार होता. पहिला हप्ता १ जानेवारी १८७८ रोजी देय होता. आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर १८७७ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी कूर्बेचे निधन झाले.

गावाने परत मिळविलेला वारसा

मृत्यूनंतर दृष्टिकोन पालटण्यास फार काळ लागला नाही. १८८१ मध्ये कूर्बेची बहीण ज्युलिएत हिने 'ऑर्नां येथील दफनविधी' हे चित्र फ्रेंच शासनाला अर्पण केले. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. १८८२ मध्ये पॅरिसच्या ज्या शासकीय कलाविद्यालयाशी त्याचे आयुष्यभर वितुष्ट होते, त्याच विद्यालयात त्याच्या कृतींचे मोठे प्रदर्शन भरले. १९१९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याचे अवशेष स्वित्झर्लंडहून ऑर्नांला आणण्यात आले. १९७१ मध्ये तेथे त्याच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. विस्तारानंतर ते २०११ मध्ये पुन्हा खुले करण्यात आले. फ्लाजे येथील एका प्रचंड ओक वृक्षाचे त्याने रंगविलेले चित्र जपानमधील एका संग्रहालयात गेले होते. लोकवर्गणीचा हातभार घेऊन त्या जिल्ह्याच्या प्रशासनाने सुमारे ४० लाख युरो किमतीला ते अलीकडे विकत घेतले व गावच्या संग्रहालयात आणले. एकेकाळी कारंज्यावरून ज्याचे शिल्प उतरविले होते, त्याच कलावंतामुळे आज या गावाची जगाला ओळख आहे.

या इतिहासातून आपल्याला घेण्यासारखे बरेच आहे. शाळाशाळांतून एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना आपले विद्यार्थी बसतात, वस्तुचित्र व स्मरणचित्र काढतात. कोकणातील मुलाने गावच्या खाडीचे, घाटमाथ्यावरील मुलाने समोरच्या कड्याचे आणि दुष्काळी भागातील मुलाने रस्त्यावरील कामाचे चित्र स्वतः पाहून काढावे, ही अपेक्षा करताना कूर्बेचे उदाहरण शिक्षकांना उपयोगी पडेल. ठरावीक डोंगर, त्यामागून उगवणारा सूर्य आणि दोन नारळाची झाडे यांतून बाहेर पडण्याचा मार्ग वर्गाच्या खिडकीतून दिसतो. त्याचप्रमाणे गावातील मंदिराच्या भिंतीवरील जुनी चित्रे, शाळेत पडून असलेले एखाद्या निवृत्त चित्रकला-शिक्षकाचे काम, चौकातील अनामिक मूर्तिकाराचा पुतळा यांची नोंद ठेवणे व निगा राखणे हे ग्रामपंचायतीला फार खर्चाचे काम नाही. गमावलेली कृती परत मिळविण्यासाठी एका जिल्ह्याला किती मोल द्यावे लागले, हे ऑर्नांच्या उदाहरणावरून दिसते. आपल्या परिसरातील माणूस, दगड आणि पाणी हे कलेचे विषय होऊ शकतात, ही जाणीव ज्या गावाला असते, ते गाव आपला कलावंत वेळीच ओळखते.